हेक्टर गिलिसची फुली

हेक्टर गिलिसला आमदार व्हायचं नव्हतं, हे सगळ्या किनाऱ्याला ठाऊक होतं. तो होड्या दुरुस्त करायचा आणि रविवारी मेव्हण्याकडे खारवलेला मासा आणि बटाटे खायला जायचा. पण आमच्या प्रिन्स एडवर्ड बेटाची रीतच तशी. एका पक्षानं कॅथलिक उभा केला की दुसऱ्यानंही कॅथलिकच द्यायचा, म्हणजे धर्मावरून भांडण नको. मग ते घरात शिरलं तरी चालेल! समोर वीस वर्षांचा आमदार बर्नी ट्रेनर, हेक्टरच्या बायकोचा, एफीचा, सख्खा भाऊ. त्याच्याविरुद्ध हरायला कोण तयार होणार? दुसऱ्या पक्षानं हेक्टरला धरून आणलं.

"नुसतं नाव दे रे," बर्नीच हसत म्हणाला. "हरलास की जेवायला मीच घालतो."

"आणि मत?"

"रीतीप्रमाणे. मी तुला, तू मला."

उमेदवारानं स्वतःला मत देणं आमच्याकडे हावरटपणाचं मानतात.

मतदानाच्या सकाळी एफी त्याचा टाय बांधता बांधता म्हणाली, "जन्मात एकदा तरी स्वतःचा विचार कर!"

झालं! शाळेत पडद्यामागे पेन्सिल हातात घेऊन हेक्टर उभा राहिला. इकडे आड, तिकडे विहीर. बाहेरून कुणीतरी ओरडलं, "झोपलास काय रे आत?" त्यानं घाईनं फुली मारली, कागद दुमडून पेटीत टाकला आणि दारातच थबकला. फुली कुठल्या नावापुढे मारली? काही केल्या आठवेना.

संध्याकाळी तो एका मतानं निवडून आला.

लोकांनी रमच्या बाटल्या उघडल्या. बर्नीनं हात पुढे केला. "मी रीत पाळली. तू?"

"मला आठवत नाही, बर्नी."

"आठवत नाही? शेंबड्या पोराला तरी पटेल का हे?"

खरं तर हेक्टरलाही पटत नव्हतं. रविवारची जेवणं बंद झाली. एफी भावाशी बोलेना आणि नवऱ्याशीही धड बोलेना.

विधानसभेत हेक्टर शेगडीजवळच्या उबदार बाकावर बसला, जिथे आधी बर्नी बसायचा. तिथे त्याला कधी ऊब लागली नाही. मतदान आलं की तो हात वर करायचा, मग त्या हाताकडे बघत राहायचा. बाकीचे म्हणायचे, माणूस विचारी आहे. अडाण्यांनो, तो गोंधळलेला होता! पुढच्या वेळी तो उभाच राहिला नाही.

मग बर्नीनं अंथरूण धरलं. निरोप आला, तशी एफी हेक्टरला ओढतच घेऊन गेली.

"आता तरी सांग," बर्नी म्हणाला. "कुणाला दिलंस?"

त्याचा ओढलेला चेहरा बघून हेक्टरचा जीव गलबलला. आयुष्यात पहिल्यांदा तो सरळसरळ खोटं बोलला. "तुलाच."

बर्नी रडायला लागला. "मी स्वतःलाच दिलं होतं रे. म्हणजे तू सचोटीनं जिंकलास, आणि मी तुला गावभर चोर म्हणत फिरलो. आपल्या दोघांत सरळ तू एकटाच निघालास!"

एफीनं अभिमानानं नवऱ्याचा हात धरला. पडद्यामागे याच हातानं काय केलं होतं, हे हेक्टरला आजही माहीत नव्हतं, आणि आता ते कुणाला विचारायचीही सोय उरली नव्हती.

"रविवारी जेवायला या," बर्नी म्हणाला.

"येतो," हेक्टर म्हणाला.