मऊ चिंबोरीचा पुरावा

पत्रक मीच लिहिलं होतं, त्यामुळे दोष दुसऱ्या कुणावर ढकलता येत नाही. ‘विषारी पाण्याने चिंबोऱ्यांची कवचंसुद्धा मऊ पडली!’ उद्गारचिन्हासकट.

कंपनीचं पाणी नाल्यातून धरमतरच्या खाडीत येतं. ते थांबलं नाही तर दगडांवरचे शिंपले, म्हणजे कालवं, फोडून जगणाऱ्या आमच्या शेजारच्या काकीने खायचं काय, एवढाच प्रश्न होता. तिच्याबरोबर मी चिखलात उतरले. तिने बिळातून एक चिंबोरी, खाडीतला खेकडा, काढली, अंगठ्याने पाठ दाबली आणि पुन्हा पाण्यात सोडायला निघाली. मी हिसकावलीच. पाठ ओल्या पुठ्ठ्यासारखी दबत होती. काकी काहीतरी सांगत होती. मी डबा शोधत होते.

अर्ज आणि डबा घेऊन आम्ही पेणच्या कचेरीत गेलो. तिथले साहेब खाडीकाठचेच निघाले. त्यांनी डब्यात बोट घातलं.

“बाई, हिने कात टाकलीय. चार दिवसांत दगड झाली असती. उद्या मुशी आणाल, त्या माशाला मुळात कडक हाडंच नसतात, आणि म्हणाल, हाडं मऊ पडली!”

तिथेच बसलेला कंपनीचा माणूस सगळ्यात मोठ्याने हसला. अर्ज गठ्ठ्याच्या तळाशी गेला. काकी एक ओहोटी, म्हणजे दिवसाची कमाई, बुडवून आली होती.

एसटी स्टँडवर मी तिच्यावरच चिडले. “सांगितलं का नाहीस?”

“सांगत व्हते गो. तुला ऐकायचं व्हतं कवा? आपली हाडं आत, तिचं हाड अंगावर. वाढायचं तर जुनं टाकावंच लागतं. नवं घट्ट होईस्तोवर तिला कुनीबी खाईल. म्हणून आमी तिला धरत नाय.”

डब्यातली मेली होती.

“मग खाडी मरतेय कशावरून?”

“कालवांवरून. जितं कालव कोयतीलाबी लवकर दाद देत नाय. नाल्याजवळची सगळी आपसूक उघडी पडल्यात, आत काय नाय. पयल्याच दिवशी बोलले व्हते तुला.”

बोलली होती. माझ्या वहीत ते वाक्य आहेही. पत्रकासाठी मला ते फार थंड वाटलं होतं.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला आम्ही नाल्याच्या तोंडाशी दगडांवरचे रिकामे शिंपले काढले. अर्धं पोतं भरलं. शिंपल्यांच्या धारेने माझे हात कापले गेले होते, झोप झाली नव्हती, आणि नवीन पत्रकाची एक ओळही सुचत नव्हती. सुचावी असंही वाटत नव्हतं.

“साहेबासमोर मी बोलते,” काकी म्हणाली. “तू पोतं धर.”

पेणची गाडी तासाभराने होती. पोतं मधे ठेवून आम्ही बसलो.