बाळ व्हिगरस नव्हतं

धाकट्या बहिणीचं सिझेरियन कर्जतच्या एका खासगी दवाखान्यात झालं. बाहेर बाकावर मी आणि आई. बहिणीचा नवरा खोपोलीहून कारखान्यातून निघाला होता, पण तिथल्याच शिळफाट्याला ट्रॅफिकमध्ये अडकला होता.

दार उघडून डॉक्टरबाई बाहेर आल्या. "मुलगी झाली. आई ठीक आहे. बाळ व्हिगरस नव्हतं, ऑक्सिजन देतोय," एवढं सांगून त्या पुन्हा आत गेल्या.

"काय नव्हतं म्हनल्या त्या?" आईनं विचारलं.

मी शाळेत इंग्रजी शिकवते. हा शब्द कितीदा फळ्यावर लिहिलाय. व्हिगरस म्हणजे जोमदार. व्यायाम व्हिगरस असतो, रोपाची वाढ असते, कुणी एखाद्या गोष्टीला जोरदार विरोध केला तर तो विरोधही व्हिगरस. वाक्यात उपयोग करा म्हटलं की मुलं हमखास पहिलवान आणतात. पण जोम आमच्याकडे भाताला असतो, बैलाला असतो. आत्ता जन्मलेल्या पोरीत तो नाही, हे आईला कसं सांगायचं?

"थकलंय म्हणे जरा," मी म्हणाले.

"आत्ता जल्मलं नि थकलं? खरं सांग गं."

मी उठले. जिन्यापर्यंत गेले, परत आले. मोबाइलवर शब्द शोधला. शब्दकोशात माझेच अर्थ होते. मग खाली नवजात बाळांबद्दल सापडलं. बाळ आपला आपण श्वास घेतं, हातपाय ताठ धरतं, हृदयाचे ठोके चांगले पडतात, तेव्हा डॉक्टर त्याला व्हिगरस म्हणतात. ते वाचलं आणि एकेका गोष्टीपुढे मनात 'नाही' लागत गेलं. वाचलं नसतं तर बरं झालं असतं.

तेवढ्यात बहिणीच्या नवऱ्याचा फोन आला.

"ताई, काय झालं?"

"मुलगी."

"बरी आहे ना?"

"तिची आई बरी आहे," मी म्हणाले. पलीकडे हॉर्न वाजत राहिले.

आतून नर्सनं हाक मारली, एकच जण या. आईनं मला पुढं ढकललं. "तूच जा. तुला त्यांचं बोलनं कळतं."

उबेच्या दिव्याखाली ती पडली होती, नाकाशी नळी. डॉक्टरबाईंना मी मराठीतच विचारलं. त्यांनीही सरळ सांगितलं. अंग अगदी ढिलं होतं, श्वास येत नव्हता, आता आपणहून घेतेय, पण उद्यापर्यंत लक्ष ठेवावं लागेल. मी बघत असतानाच तिनं गुडघा पोटाशी ओढला आणि कुरकुरली. रडणं म्हणावं इतकं ते नव्हतं.

बाहेर येऊन या वेळी आईला सगळं सांगितलं, काही न लपवता. तिनं ऐकून घेतलं.

"मंग आता हुशारी हाय ना तिला?"

"आहे," मी म्हणाले. तरी पाय एका जागी ठरत नव्हते. भूल उतरल्यावर बहीण म्हणाली, "मला तिचा आवाज आला नाही गं." उद्या येईल, असं मी बोलून गेले आणि ते खोटं ठरलं तर काय, या धास्तीनं जिना चढत-उतरत राहिले.

दुसऱ्या दिवशी पोरगी बहिणीच्या कुशीत आली, दूध ओढू लागली. आता ती कशेळ्याला आजीकडे आली की पाळण्यात तासन्‌तास गाढ झोपते. मला ते बघवत नाही. हळूच तिच्या तळपायाला बोट लावते. ती पाय झटकून कपाळाला आठ्या घालते.

"निजू दे की तिला," आई रागावते. मी हात मागे घेते, आणि थोड्या वेळानं पुन्हा पाळण्याशी जाते.