गौरम्माचं हूं

गौरम्मा चाळणी मनगटानं हलवायची. नव्या बाया खांद्यानं हलवतात आणि दुपारपर्यंत त्यांचे हात गळतात. गौरम्माचा हात दिवेलागणीपर्यंत चालायचा, आणि तोंड त्याच्याही पुढं. उदगीरच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, वीरण्णा मालकांच्या आडतीवर ती ज्वारी, तूर चाळायची. मी त्याच आडतीवर हमाल होतो. आमचा मुकादम नागप्पा हा तिचा नवरा.

ती औशाकडची. लग्न होऊन आली तेव्हा सासूनं विचारलं, "काय काय येतं गं तुला?" ही म्हणाली, "काय येत न्हाई ते विचारा, लवकर संपंल." सासू त्या दिवशी रुसली. पुढं घरातली बाकी कामं तिनं सुनेवर सोपवली, पण रुसायचं काम शेवटपर्यंत स्वतःकडंच ठेवलं.

नागप्पा अंगानं दांडगा. मोंढ्यात त्याचा शब्द चालायचा. घरात एकच शब्द होता, "बघू." छप्पर गळतंय, बघू. पोरीला ताप आलाय, बघू. त्याचं बघून होईपर्यंत गौरम्मानं छप्पर शाकारलेलं असायचं आणि पोरीचा ताप उतरलेला असायचा. मग तो म्हणायचा, "झालं का न्हाई? उगाच घाई करतीस."

मोंढ्यातला एक नियम सांगायला हवा, नाहीतर पुढचं कळायचं नाही. हमालाच्या पाठीवर पोतं दोघं जण चढवतात. ज्याच्या पाठीवर जायचं तो डोक्यावर गोणपाटाची खोळ घेतो, गुडघ्यांतून वाकतो, पाय रोवतो आणि "हूं" म्हणतो. त्यानं हूं म्हटल्यावरच वरच्यांनी हात सोडायचे. नाही म्हणाला तर पोतं परत थप्पीला. का, असं विचारायचं नाही. कंबर धरली असेल, उपास असेल. ज्याचं त्याला ठाऊक.

हा नियम नागप्पानं घातला. आधी मुनीम सांगेल तेव्हा पोतं पाठीवर पडायचं. एकदा रामकिशन हमाल नको नको म्हणत होता, तरी टाकलं. तो पुन्हा मोंढ्यात आला तो काठी टेकत. त्या दिवशी नागप्पानं सगळ्यांना खाली बसवलं. वीरण्णा मालक स्वतः बाहेर आले.

"माल माझा, पोतं माझं. यात तुमचं काय रे?"

"पाठ," नागप्पा म्हणाला. "ज्याची पाठ त्याचं हूं."

संध्याकाळपर्यंत दाणा हलला नाही. शेवटी मालकांनी मान डोलावली. ही हकीकत नागप्पा दर आठवड्याला सांगायचा आणि दर वेळी मालकांचा चेहरा जरा जास्त पडायचा. गौरम्मा चाळता चाळता म्हणायची, "पुढच्या बाजाराला मालक रडतील बघा."

मोठ्या लढाईचे दिवस होते. सरकारी लेव्हीची, म्हणजे सक्तीच्या वसुलीची, ज्वारी गोळा होत होती. थप्प्या छताला लागल्या होत्या आणि आम्हाला मान वर करायला वेळ नव्हता. त्या सुगीत गौरम्माला पुन्हा दिवस गेले.

घरात पाच लेकरं होती. दोन गेलेली. शेवटच्या बाळंतपणात ती पोळ्यापासून दसऱ्यापर्यंत अंथरुणावर होती. रक्त थांबत नव्हतं. दाई शिवम्मानं तेव्हाच सांगितलं होतं, "पोरी, आता पुरे. पुढचं तुला घेऊन जाईल." म्हणून या खेपेला गौरम्मा स्वतःच तिच्याकडं गेली आणि म्हणाली, "मला हे नको. मोकळी कर."

शिवम्मा झाडपाला द्यायची, पण हिला द्यायला तयार झाली नाही. "तुझ्या अंगात रक्त न्हाई. माझ्या हातानं मरशील. हैदराबादला बायकांचा मोठा दवाखाना हाय. तिथली डाक्टरीणबाई असल्या बाईला मोकळं करती. मी एका सावकाराच्या सुनेला घेऊन गेल्ते. पण कागदावर नवऱ्याचा अंगठा लागतो. आणि तिसरा महिना उलटायच्या आत जा."

गौरम्मानं नवऱ्याला सांगितलं. नागप्पा म्हणाला, "बघू."

एक आठवडा गेला. तो बघतच होता. आधी जंगमस्वामींकडं गेला. स्वामींनी विभूती दिली आणि म्हणाले, शिवाची इच्छा. ती इच्छा काय आहे ते मात्र सांगितलं नाही. मग आईला विचारलं. आई म्हणाली, "मी अकरा काढली. मला कुणी हैदराबाद दाखवलं न्हाई." शेवटी त्यानं घरची गोष्ट मोंढ्यात आणली. बघू म्हणायला त्याला साक्षीदार हवे होते.

दुपारी भाकरी सोडल्या की लिंबाखाली कचेरी भरायची.

विरूपाक्ष मापाडी म्हणाला, "बाई काटक हाय. एक अजून निघंल." हा मापाडी तराजूला लावल्याशिवाय मूठभर तुरीचं वजन सांगायचा नाही. इथं त्यानं न मापताच सांगून टाकलं.

"पोट पाडणं म्हणजे पाप हाय," दुसरा म्हणाला.

"आन् बाई मेली तर?"

"ते नशीब."

"मंग पोट पाडणं नशिबात असंल तर?"

"तू गप रे. भाकर खा."

मीही बोललो. माझं तेव्हा लग्न झालेलं नव्हतं, त्यामुळं माझं मत सगळ्यांत पक्कं होतं. मी म्हणालो, बाईमाणसाला यातलं काय कळतं, घरच्या माणसानं ठरवावं. सगळ्यांनी माना हलवल्या. नागप्पानं पण हलवली. त्याला कुठली तरी मान हवीच होती.

चाळणाऱ्या बाया दहा पावलांवर बसल्या होत्या. मधे भिंत नव्हती, पडदा नव्हता. तरी आम्ही असं बोलत होतो की जणू गौरम्मा निजामाबादला राहते. तिची चाळणी चालू होती. एकदाही अडखळली नाही. मला वाटलं, तिला ऐकू येत नसावं.

दुसऱ्या दिवशी आडतीवर गाडी भरायची होती. माझ्या पाठीवर पोतं चढत होतं. मी हूं म्हणालो, दोन पावलं टाकली, आणि बघतो तर गौरम्मा चाळणी ठेवून उठलेली. पदर खोचला. थप्पीपाशी आली. माझ्या जागेवर उभी राहिली आणि वाकली. कंबरेतून वाकली, गुडघ्यांतून नाही. चूक होतं ते. मी पोत्याखाली होतो तरी मला ते दिसलं.

"घाला," ती म्हणाली.

हमाल हसले. नागप्पा पुढं आला. "काय चालवलंयस गौरे? ऊठ."

"पोतं घाला मुकादम. ज्वारीचं घाला, भरलेलं."

"अगं, तुला झेपंल का?"

"न झेपू द्या. मी न्हाई म्हणतीय, तरी घाला."

"तसं घालता येत नसतं," नागप्पा सवयीनं म्हणाला.

"कोण म्हणतं?"

"मोंढा म्हणतो. मी म्हणतो! ज्याची पाठ..." एवढं बोलून तो थांबला. पुढचं त्याला पाठ होतं. दर आठवड्याला म्हणत होता. पण त्या दिवशी ते बाहेर येईना.

"म्हणा की," गौरम्मा तशीच वाकून म्हणाली. "मालकापुढं म्हणालात. मुनीमापुढं म्हणालात. मीच तेवढी ऱ्हायले."

तिच्या मागं बायांच्या चाळण्या थांबल्या होत्या. मोंढ्यात दिवसभर त्या चाळण्यांची खरखर असते. ती कधी कानावर येत नाही. थांबली की येते.

वीरण्णा मालक गादीवरून उठून दारात आले. मालक वाईट नव्हते, पण शेवटचा शब्द आपला असावा असं त्यांना वाटायचं. म्हणाले, "बाई, पोतं आन् पोर एक असतं का?"

गौरम्मा सरळ झाली. मालकांसमोर पदर डोक्यावर घेतला.

"न्हाई मालक. पोतं गाडीपत्तर न्यायाचं. पोर जलमभर. म्हणून तर हूं आधी पायजे." मग म्हणाली, "पोतं पडलं तर ज्वारी सांडते. आमी बाया झाडून घेतो, चाळतो, पुन्हा भरून देतो. मी पडले तर पाच लेकरं सांडतील. ती कोण भरून घेईल? हे मापाडी घेतील?"

विरूपाक्ष मापाड्यानं तराजूच्या साखळीत काही तरी अडकलंय असं दाखवलं.

"लिंबाखाली लई बोललात. मला कुणी एकानं विचारलं का? ह्या बसवंतानंसुद्धा सांगितलं, घरच्या माणसानं ठरवावं. मंग मी काय शेजारची हाय?"

बसवंत म्हणजे मी. पोतं अजून माझ्या पाठीवर होतं. उतरवायला कुणी येत नव्हतं, आणि उतरवा म्हणायची माझी छाती नव्हती.

नागप्पानं डोक्यावरची खोळ काढली. घडी घातली. मुकादमाला घडी घालताना मी कधी पाहिलं नव्हतं. मला म्हणाला, "बसवंता, इथलं तू बघ." मग माझं पोतं पाहून म्हणाला, "आधी ते उतरव, गाढवा."

दुसऱ्या सकाळी मी गाठोडं घेऊन त्यांना स्टेशनावर सोडायला गेलो. शिवम्मा सोबत निघाली होती. सासू आली नाही. पण गाठोड्यात भाकरी नेहमीपेक्षा जास्त होत्या आणि चटणीत लसूण सासूच्या हातचा होता. गौरम्मानं वास घेतला आणि म्हणाली, "रुसूनच वाटलीय."

गाडीला वेळ होता. नागप्पा फलाटावर उगाच येरझाऱ्या घालत होता. मोंढ्यात दिवसभर चालून त्याला कधी दम लागत नसे. इथं लागला. शेवटी बायकोपाशी येऊन बसला.

"पापाचं मला काय न्हाई," तो हळू म्हणाला. "जंगम काय, मालक काय, बोलू दे. पण अंगठा मी लावायचा. आन् तू तिथं ऱ्हायलीस तर? पोरं मला काय म्हणतील? बापानं अंगठा लावून मारली."

इतके दिवस त्याच्या बघूच्या आत हे होतं. मी गाठोडं उगाच सोडून पुन्हा बांधलं.

गौरम्मानं या वेळी थट्टा केली नाही. म्हणाली, "पोतं चढवणाऱ्याचा दोष असतो का कधी? ज्यानं हूं म्हटलं त्याचा असतो. हूं माझं हाय. मी थोरलीला सांगून आलीय, मी स्वतःहून चाललीय म्हणून. तुमी नुसते हात लावू लागा."

"आन् भीती?"

"ती मला बी हाय. ती निम्मी निम्मी घेऊ."

गाडी आली. मी गाठोडं वर दिलं.

त्यानंतर पंधरवडा काही कळलं नाही. लिंबाखाली कचेरी भरत नव्हती. सगळे भाकर खात आणि उठत. चाळणाऱ्या बायांनी गौरम्माची जागा मोकळी ठेवली होती. मुनीम दुसरी बाई बसवायला गेला, तर त्या म्हणाल्या, तिथं गळतं. छपराला भोक नव्हतं. मुनीमानं वर पाहिलं आणि निघून गेला.

मी रोज गाडीच्या वेळेला स्टेशनावर जायचो. मोंढ्यातून चांगला लांबचा फेरा. कुणी विचारलं तर म्हणायचो, माल आलाय का बघतो. एका सकाळी ते उतरले. शिवम्मा आधी, मग नागप्पा, आणि त्याच्या आधारानं गौरम्मा. चेहरा पांढरा, पण डोळे जागेवर. मला पाहून म्हणाली, "काय रे, ठरवलं का काही लिंबाखाली?"

तेव्हा मला कळलं, बाई परत आली.

टांगेवाला पुढं आला. शिवम्मा म्हणाली, टांग्यात हिसके बसतात, डाक्टरीणबाईनं सांगितलंय. नागप्पानं फेटा सोडून पाठीवर घडी केली, तिच्यापुढं पाठ करून वाकला. बरोबर वाकला, गुडघ्यांतून, पाय रोवून. आणि थांबला.

"उचला की," गौरम्मा म्हणाली.

"तू हूं म्हण."

"येडं लागलंय. लोक बघून राहिलेत."

"हूं म्हटल्याबिगर मोंढ्यात पोतं हलत न्हाई."

"हूं," ती म्हणाली, आणि हसताना तिला पोट धरावं लागलं.

तो निघाला. रस्ता मोंढ्यातूनच. माणसं कामं टाकून बघत होती. बायकोला पाठीवर घेऊन भर बाजारातून गेलेला माणूस तोवर उदगीरनं पाहिलेला नव्हता. गौरम्मानं पदरात तोंड लपवलं.

"उतरवा इथंच. चालते मी. लाज वाटते."

"पाठ कुणाची हाय?"

"तुमची."

"मंग गप बस. कुठं उतरवायचं ते मी सांगतो."

वीरण्णा मालक दारात होते. काही तरी बोलायला हवं म्हणून म्हणाले, "काय मुकादम, भारी हाय का?"

"न्हाई मालक," नागप्पा न थांबता म्हणाला. "लई हलकी झालीया. भाकरी घालून वजनावर आणायची हाय."

मालक आत गेले. थोड्या वेळानं त्यांच्या घरून तुपाची लोटी आली. बरोबर काही निरोप नव्हता. मालकांनी शेवटचा शब्द सोडला असा मला आठवणारा तो एकच प्रसंग.

घरापाशी सासू उंबऱ्यात उभी होती. लेकाच्या पाठीवर सून बघून तिनं तोंड फिरवलं. मग आत गेली. आम्ही दारात पोचलो तेव्हा अंथरूण टाकलेलं होतं, उशाला पाण्याचा तांब्या, आणि सासू चुलीपुढं आमच्याकडं पाठ करून भाकरी थापत होती.

"अत्या, अजून रुसलाय का?" गौरम्मानं अंथरुणावरून विचारलं.

"हूं," सासू म्हणाली.