बंडी जुंपायची नाही

आमच्या गावात बाहेर मेलेल्याला वेशीच्या आत आणत नसत. प्रेत वेशीबाहेर मोहाच्या झाडाखाली ठेवायचं, घरच्यांनी तिथेच रडून घ्यायचं आणि तिथूनच नदीकडे न्यायचं. आम्ही बौद्ध झालो तेव्हा घरातले देव सोडले, पण ही रीत सुटली नाही. त्यामुळे दवाखान्यात माणूस जरा जास्त आजारी झालं की आमचेच लोक बंडीला बैल जुंपून हजर होत. जीव असेपर्यंत ते घरी पोचलं पाहिजे.

सरकारी दवाखान्याचंही त्यात बरं होतं. डॉक्टर म्हणायचे, "घरी न्या." माणूस वाटेत मरायचं, नाहीतर ओसरीवर. दवाखान्यात कोणी मेलंच नाही, म्हणून वरून कोणी विचारतही नव्हतं. आम्ही त्यांना सांभाळत होतो, ते आम्हाला. मरणारा तेवढा मरत होता.

मी चौथी शिकलेली. ही एकमेकांची सांभाळासांभाळ मला फार वर्षं कळली नव्हती. गडचिरोली जिल्हा नवा झाला त्यानंतरची गोष्ट, माझ्या सुनेच्या पहिल्या बाळंतपणात कळलं.

मुलगी झाली, चांगली रडली. पण सुनेचं रक्त थांबेना. दुपारपर्यंत तिचे ओठ पांढरे झाले आणि हातपाय गार पडले. डॉक्टर तरुण होता, पुण्याकडचा. खिडकीकडे पाहत म्हणाला, "बाई, हिला घरी न्या."

माझा मुलगा लगेच उठला. "माय, बंडी आनतो. घर तं दिसन तिले."

"बस खाली. घर पाहून थे का करन? तिनंच सारवलं हाये ते."

"अन् इथी मेली तं? वेशीबाहेर ठेवतीन तिले."

"मेल्यावर तिले का समजते, कुठी ठेवली म्हनून?"

मुलगा बसला. डॉक्टर मला समजावायला लागला. "इथे ठेवून काय होणार? तिला रक्त पाहिजे, ते माझ्याकडे नाही. चंद्रपूरला मिळेल."

"मंग चंद्रपूरले पाठवा. अंगनात जीप उभी हाये."

"ती उद्या ऑपरेशनच्या कॅम्पसाठी बायका आणायला जाणार. डिझेल मोजून येतं."

"पोरं बंद कराले डिझेल हाये, अन् पोर देनारीले नाई?"

मागे उभी असलेली सिस्टर पदरात हसली. डॉक्टरचा चेहरा लाल झाला. "हे पाहा, बाई इथे मेली तर वरून मला विचारतात. का मेली, कशी मेली. उत्तर मी द्यायचं असतं."

"द्या मंग. मले बी तिच्या मायले द्याचं हाये. तुमाले कागदावर द्याचं, मले तोंडावर. बंडी काही मी जुंपू देत नाई. मरन तं तुमच्या खाटेवर मरन."

एवढं बोलून मी खाली बसले आणि खाटेचा पाय धरला. मी घाबरले नव्हते असं नाही. सुनेचा श्वास मला ऐकू येत होता आणि तो लहान होत चालला होता. डॉक्टरही घाबरला होता. वाईट माणूस नव्हता तो. एवढ्या जंगलात त्याला एकट्याला टाकलं होतं, आणि आधीच्या डॉक्टरनं त्याला 'घरी न्या' एवढंच शिकवून ठेवलं होतं.

त्यानं वाकून सुनेची नाडी पाहिली. मग सिस्टरला म्हणाला, "ड्रायव्हरला उठवा. सलाईन लावूनच न्यायची." आणि तो स्वतः जीपमध्ये चढला. चंद्रपूर येईपर्यंत सलाईनची बाटली त्यानंच हातात वर धरली होती. रस्ता खराब होता. हात बदलायचा, पण बाटली खाली येऊ दिली नाही.

तिथे मुलाचं रक्त जुळलं. तो टेबलावर आडवा पडून विचारतो, "माह्यी ताकद जाईन का जी?"

मी म्हटलं, "आतापर्यंत कुठी लावली तू ताकद?"

सून वाचली.

त्यानंतर आमच्या वस्तीत बंडी जुंपणं कमी झालं. लोक दवाखान्यात थांबायला लागले. काही वाचले, काही तिथेच मेले. शेजारची म्हातारी दवाखान्यात मेली तेव्हा तिला गावात आणलं, आणि रीतीप्रमाणे चार माणसं वेशीवर आडवी झाली. सून पोरीला कडेवर घेऊन पुढे गेली. "आत आना तिले. मी बी अर्धी तिथीच मेली होती. मले काऊन घेतलं आत?" माणसं वाटेतून बाजूला झाली. म्हातारी तिच्या घरी आली.

दवाखान्यात मेलेल्यांचा आकडा मात्र वाढला. जिल्ह्याचे साहेब चौकशीला आले. मी नातीला सुई द्यायला नेलं होतं, व्हरांड्यात बसले होते. साहेब आत ओरडत होते, की तुमच्या आधी इथे कोणी मरत नव्हतं, तुम्ही आल्यावरच कसे मरतात?

डॉक्टर म्हणाला, "आधीही मरत होते साहेब. बंडीत मरत होते. ते तुम्ही कधी विचारलं नाही."

त्याला त्याबद्दल बोलणी खावी लागली. पण तो लिहीत राहिला. कोण मेलं, कशानं मेलं, गाडी असती तर वाचलं असतं का, सगळं वर पाठवत राहिला. पुष्कळ दिवसांनी रोग्यांसाठी वेगळं डिझेल यायला लागलं. मेलेले मोजले म्हणून ते आलं, असं माझं मत आहे. पुढे पुढे मरणं खरोखरच कमी झाली.

सुनेचं दुसरं बाळंतपण त्याच दवाखान्यात झालं. मी याही वेळी खाटेजवळ बसले. डॉक्टर म्हणाला, "बाई, सगळं ठीक आहे. तुम्ही घरी जा."

"बसतो ना. तुमाले का तरास हाये?"

सून खाटेवरून म्हणाली, "जा तुमी आत्या, पोरगी उपाशी असन घरी. काही झालं तं मीच इचारतो याइले."

मी घरी गेले.