सगळं भरपूर हाय

आमच्या घरात काही संपत नाही. मीठ संपलं तर ‘मीठ वाढलं’ म्हणायचं, तेल संपलं तर ‘तेल वाढलं’. संपलं म्हटलं की घरातली बरकत जाते, अशी समजूत. लग्न होऊन मी जवळा बाजारला आले, तेव्हा पहिल्याच आठवड्यात ‘तांदूळ संपले’ म्हणून बसले. नवऱ्याने असं पाहिलं, जणू मी देवापुढचा दिवाच विझवला. पुढे मलाही तीच सवय लागली. समोरचे किराणावाले चाचा तर मी पायरी चढले की विचारायचे, ‘‘मॅडम, आज काय वाढलं?’’

गंमत म्हणजे शाळेत माझं काम याच्या उलट. मी इंग्रजी शिकवायची, आणि नसण्यासाठी इंग्रजीत शब्दांचा नुसता सुकाळ! लॅक, शॉर्टेज, विदाउट. शब्दाच्या शेवटी ‘लेस’ लावलं की माणसाचं काहीही काढून घेता येतं. होमलेस, जॉबलेस, होपलेस. यातला होपलेस पोरांना आधीच पाठ असायचा, कारण आमचे हेडमास्तर दिवसभर तोच म्हणत. ‘स्केअर्सिटी’ शिकवायला मला फळाही लागत नसे. उन्हाळ्यात खिडकीतून पाण्याचा टँकर दाखवला की झालं. वर्गात हे सगळे शब्द मी खणखणीत म्हणायची आणि घरी येऊन साखर वाढली म्हणायची.

नवरा गेला, मीही निवृत्त झाले. मुलगा पुण्यात आहे. दर रविवारी फोन करतो आणि शेवटी विचारतो, ‘‘आई, काही कमी नाही ना?’’ मी म्हणते, ‘‘न्हाई रे, सगळं भरपूर हाय.’’ पोरगा सरळ आहे, खरं मानतो. यंदा दिवाळीला त्यांचं येणं झालं नाही, तेव्हाही त्याने हेच विचारलं आणि मीही हेच सांगितलं. मग एकटीनेच करंज्या तळल्या, कुणासाठी ते देवाला ठाऊक. मऊ पडल्या तरी खात होते.

परवा साबण आणायला गेले तर चाचा म्हणाले, ‘‘मॅडम, काहून हो, तुमच्याकडं हल्ली काहीच वाढून न्हाई राहिलं?’’ मी हसले. खरंच होतं ते. एका माणसाला मिठाचा पुडा किती दिवस पुरतो, हे मलाही आताच कळायला लागलंय.

मागच्या रविवारी फोनवर नात आली. तिला ‘विदाउट’ वापरून वाक्यं करायची होती. ‘‘आजी, तू टीचर होतीस ना, सांग पटकन.’’ मी मासा आणि पाण्याचं वाक्य सांगितलं.

‘‘बोअरिंग! ते सगळेच लिहिणार.’’

मग माझ्या तोंडून सरळ इंग्रजीत निघालं, की एक म्हातारी आहे, तिच्या घरात सगळं आहे, पण कुणाशी एक शब्दही न बोलता तिचा दिवस जातो. मला जराही जड गेलं नाही. आमच्या देवघराला इंग्रजी कळत नसावं.

‘‘सॅड आहे, पण मस्त आहे,’’ म्हणत नात पळाली. पाठोपाठ फोनही बंद झाला.

मी तशीच ओट्यापाशी उभी राहिले. मला माझाच राग आला. जे नातीला बिनधास्त सांगता येतं, ते पोटच्या पोराला सांगायला काय धाड भरली होती? मी फोन परत लावला. मुलाने लगेच उचलला.

‘‘काय झालं आई?’’

‘‘कमी हाय,’’ मी म्हणाले. या घरात हा शब्द माझ्या तोंडून पहिल्यांदाच निघाला.

‘‘काय कमी आहे?’’

‘‘सोबत कमी हाय रे. मला फार एकटं वाटतं.’’

मला वाटलं, आता म्हणेल, येतो.

‘‘मग आधी नाही का सांगायचं?’’ तो म्हणाला. ‘‘बाई ठेवू की सोबतीला. दिवसरात्र राहणारी. आजच कुणाला तरी सांगतो मी.’’

अगदी काळजीने बोलत होता. मी डोळे पुसले आणि आवाज सारखा केला.

‘‘नको रे. उगं आपलं बोलले. सगळं भरपूर हाय.’’

‘‘नक्की?’’

‘‘व्हय.’’

‘‘बरं झालं,’’ तो म्हणाला, ‘‘मला टेन्शनच आलं होतं.’’