गगनबावड्याच्या रानात गव्यांच्या अलीकडे-पलीकडे

गेल्या वर्षी पन्हाळ्याच्या उतारावर सायकलवरून पडले, खांद्याचं हाड मोडलं. तेव्हापासून सायकल जिन्याखालीच होती. शेवटी नणंद शोभानेच ठरवलं.

"वैनी, रविवारी गगनबावड्याला जायचं. येतीस का तुझी सायकल इकून टाकू?"

पहाटे गाडीला सायकली बांधून कोल्हापूर सोडलं. वाटेतल्या कळे गावात मिसळ खाऊन घ्या, पुढे जंगलात काही मिळत नाही. वनखात्याच्या चौकीत नावं लिहिली, किरकोळ शुल्क भरलं आणि सोबतीला वनमजूर शामराव मिळाले. आमच्या सायकलींना एकवीस गिअर, त्यांची साधी, मागे कॅरिअर असलेली. तरी चढावर पुढे तेच!

वाट अकराएक किलोमीटरची. तांबडी माती, जांभळींच्या मुळांचे उंचवटे, मधूनच कड्याशी येऊन खाली धुक्यात बुडालेलं कोकण. इतकं सुंदर, की दमल्याचं कळत नाही. उतार आला की मात्र मी उतरून चालायची. शोभा कंटाळून पुढे गेली.

तेवढ्यात शामरावांनी हात आडवा केला. "पावणं, हलू नका."

वीसेक पावलांवर गवा. काळाभोर, भिंतीएवढा. मग दुसरा, तिसरा. कळप सावकाश वाट ओलांडत होता आणि शोभा पलीकडे होती. मी न राहवून हाक मारली. उत्तर नाही. पुन्हा मारली. नाहीच.

"गप ऱ्हावा ताई," शामराव कुजबुजले. "जात्यात ती."

शेवटचा गवा झाडीत शिरला. शामराव "आता चला" म्हणाले आणि मी निघाले. दगड, मुळं, वळण, काही दिसलं नाही. खाली पोचले तर शोभा एका खडकावर बसलेली, चेहरा पांढराफटक.

"वैनी," ती म्हणाली, "उतार सायकलवर बसून आलीस की तू!"

तेव्हा माझ्या लक्षात आलं.

परतताना पिठलं-भाकरी खाल्ली. तुम्ही गेलात तर वाटाड्या घेतल्याशिवाय आत शिरू नका, एवढंच सांगेन.

उतारांची भीती अजून पूर्ण गेलेली नाही. संध्याकाळी अंगणात सायकली धुताना मी शोभाला विचारलं, "माझी हाक ऐकू आली नाही का गं?"

"आली की. खडकाखाली गव्याचं पिल्लू हुतं. वरडलो असतो तर बुजून तुमच्याकडंच पळालं असतं, मागं त्याची आय."

एवढं बोलून ती पुन्हा चाकातला चिखल काढायला लागली.