बायोसला हात कोणी लावला?

शंकाकाकांचा कॉम्प्युटरच्या स्क्रीनवर काडीचा विश्वास नव्हता. तापमान पंचेचाळीस दिसत असलं तरी ते मशीनच्या मागच्या जाळीपाशी उलटा तळहात धरून उभे राहायचे. "ह्या काय पण दाखवता," म्हणायचे. मूळचे मालवणकडचे, राहायला कांजूरमार्गला, आणि मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या आमच्या छोट्या ॲनिमेशन स्टुडिओतली सगळी मशीन्स त्यांच्या ताब्यात. खरं नाव फक्त पगाराच्या स्लिपवर होतं.

प्रोसेसर नेमून दिलेल्या वेगापेक्षा जोरात पळवायचा, म्हणजे ओव्हरक्लॉक करायचा, ही आम्हा सगळ्यांचीच मागणी असे. काका आधी बायोस उघडायचे. मशीन चालू होताना डिलीट दाबलं की मदरबोर्डच्या सेटिंगचा जो स्क्रीन येतो, तो. प्रत्येक आकडा वहीत उतरवायचे. फोटो काढा म्हटलं तर उत्तर ठरलेलं, "फोटो काढलो की माणूस आकडे वाचणा नाय."

माझं मशीन रेंडर करताना, म्हणजे दृश्यांची अंतिम चित्रं तयार करताना, बंद पडायला लागलं, त्याच आठवड्यात मी त्यांच्याकडे वेग वाढवून मागितला होता. त्यांनी बायोस उघडला आणि वही काढून आकडे ताडून पाहिले. प्रोसेसरचा व्होल्टेज वहीतल्यापेक्षा बराच वर होता, म्हणूनच मशीन तापून बंद पडत होतं. माझ्या मशीनच्या बायोसचा पासवर्ड दोघांनाच माहीत होता, त्यांना आणि मला.

"गो, हात लावलंस?"

"नाही काका."

"मग आपसूक वाढलो?"

सगळ्यांसमोर विचारलं त्यांनी. माझे कान तापले. दुसऱ्या दिवशी पासवर्ड बदललेला होता. मग मीही त्यांच्यावर संशय घ्यायला लागले. त्यांच्याच हातून काही बिघडलं असेल आणि खापर माझ्यावर फोडत असतील, असं मी जेवताना दोघातिघांना सांगितलंसुद्धा. आठवडाभर आम्ही एकमेकांकडे पाहिलं नाही.

पुढच्या सोमवारी ते माझ्या शेजारच्या मशीनचा बायोस अपडेट करत होते. अचानक हाक आली, "हय ये. बघ." अपडेट झाल्यावर बोर्डाने जुनी सेटिंग पुसून टाकली होती आणि व्होल्टेज स्वतःच वर नेला होता. माझं मशीन बंद पडायला लागण्याआधी त्यावरही तसाच अपडेट काकांनीच केला होता, पण नंतर एकदाही आत जाऊन पाहिलं नव्हतं. ते खुर्चीवरून उठले आणि अख्ख्या हॉलला ऐकू जाईल असं म्हणाले, "हिचो काय एक दोष नाय. माका आधी माझोच संशय येवक होयो होतो."

मी जेवताना जे बोलले होते, ते मात्र मी कधीच कबूल केलं नाही. बहुधा त्यांना ठाऊक होतं.

त्यानंतर वही माझ्या हातात आली. ते आकडे वाचायचे, मी लिहायची. पुढे मी वाचायची आणि ते फक्त ऐकायचे. निवृत्तीच्या दिवशी एक नवं मशीन ओव्हरक्लॉक करायचं होतं. व्होल्टेज, पंखे, किती तापल्यावर मशीनने स्वतःहून बंद व्हायचं ती मर्यादा, सगळं पाहून मी म्हटलं, "काका, एकदा बघून घ्या ना."

"तू बघितलंस मा?"

"हो."

"मग झाला." आणि पिशवी उचलून ते सगळ्यांचा निरोप घ्यायला गेले.

मी त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडे पाहत राहिले. ते दाराबाहेर पडल्यावर मी मशीन पुन्हा सुरू केलं, डिलीट दाबलं आणि पहिल्या ओळीपासून वाचायला लागले.